मीटिंग नाही, लिहायला बसतेय

भाकरी थापत असाल तर थापत राहा, रेडिओ तेवढा जवळ ओढून घ्या. आज हप्ता, पासबुक, व्याजदर यातलं काही सांगायचं नाही. आज कादंबरीबद्दल बोलायचं आहे. वाचायच्या नव्हे, लिहायच्या.

हसलात ना? आमच्या घरीही हसले होते.

आम्ही म्हणजे चार जणी. चौघीही बचत गटांच्या समन्वयक, वयानं तिशीतल्या. शिक्षण बी.ए. त्यातलं दोघींनी लग्नानंतर, लेकरू मांडीवर घेऊन, मुक्त विद्यापीठातून पुरं केलं. चौघींच्या वाट्याला मिळून साठेक गट येतात. गटांच्या बैठका, ग्रामसंघाच्या बैठका, बँकेच्या चकरा, वह्या तपासणं, मार्चअखेरीचा हिशोब. उन्हाळ्यात कुरडया-पापड, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी. एकीचं शिवणकाम आहे, एकीच्या बारा शेळ्या आहेत, एक भजनी मंडळात पेटी वाजवते, एक ग्रामपंचायतीची सदस्य आहे. घर आहेच, ते कुठं जातंय! या सगळ्यातून गेली तीन वर्षं आमचं लिहिणं चाललंय. दोघी कादंबरी लिहितात. तिसरी लिहीत होती, ती सध्या थांबलीय. चौथी लिहीत नाही, पण आमचं सगळं आधी तीच वाचते आणि लाल पेनानं खुणा करते. वह्या तपासायची सवय, दुसरं काय.

कुठल्याही गावाला गेलो की बायका विचारतात, "ताई, एवढ्या व्यापात वेळ कुठनं काढता?" खरं सांगायचं तर आमच्यापुढं पहिला प्रश्न वेळेचा नव्हता. घरी काय म्हणून सांगायचं, हा पहिला प्रश्न होता.

आमच्यातल्या एकीच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, फार हुशार बाई. त्या म्हणाल्या, "लिहायचं म्हणू नगंस. मीटिंग हाय म्हण. मीटिंगला कुणी काय बोलत न्हाई." सल्ला सोयीचा होता. मीटिंग म्हटलं की खरंच कुणी अडवत नाही. स्वयंपाक उशिरा झाला तरी चालतो, नवरा मुलाला शाळेतून घेऊन येतो. पण चौघींनी बसून विचार केला आणि तो सल्ला घ्यायचा नाही असं ठरवलं. का, ते सांगतो.

आपल्या गावात पहिले गट निघाले तेव्हाची आठवण काढा. "बायका जमून काय करणार? उखाळ्यापाखाळ्या!" असं पारावर बोलायचे. कित्येक जणी पासबुक पदराखाली झाकून यायच्या. मग कुणाच्या पोराची फी गटातून गेली, कुणाच्या विहिरीवर मोटर बसली, कुणाच्या घरचं आजारपण सावकाराच्या दारात न जाता निभावलं. तेव्हा कुठं घरातला माणूस आपणहून म्हणायला लागला, "आज तुझी मीटिंग ना? जा, उशीर होईल." 'मीटिंग' या एका शब्दामागं इतक्या जणींची इतक्या वर्षांची शिल्लक आहे. ती आपल्या लिहिण्यासाठी गुपचूप काढून वापरली आणि उद्या उघडं पडलं, तर परवा खऱ्या मीटिंगला निघालेल्या बाईकडं घरचे संशयानं बघणार. त्या बाईचं काय?

म्हणून आम्ही घरी सरळ सांगितलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर लिहायला बसणार." महिनाभर टोमणे ऐकले. "आल्या लेखिकाबाई" झालं, "आमच्यावर लिव्हू नका म्हणजे मिळवली" झालं. पुढं टोमणे आपोआप कमी झाले. आता तर घरातलेच विचारतात, "किती पानं झाली?" पानं मोजता येतात ना, म्हणून. आपल्याकडं जे मोजता येतं त्याला लोक काम म्हणतात.

चोरून लिहिणं काय असतं हे कळायला आपल्याला लांब जायला नको. फलटण आपल्याच जिल्ह्यातलं. तिथल्या बेबीताई कांबळे. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. माल बांधायला येणाऱ्या रद्दीच्या कागदांवर जे छापलेलं असेल ते त्या वाचायच्या. घरधनी माल आणायला बाजारात गेला की गल्ल्यावर बसल्या बसल्या लिहायच्या. ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवलं. वीस वर्षं! पुढं ते 'स्त्री' मासिकातून छापून आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघालं. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण दुकान, संसार, लेकरं, बाबासाहेबांच्या चळवळीतलं काम आणि पुढं निंबुऱ्याच्या मुलांच्या आश्रमशाळेचा व्याप, हे सगळं सांभाळून एका बाईनं लिहिलेलं ते पुस्तक आहे. त्याचा पुढं इंग्रजीत अनुवाद झाला, विद्यापीठांतून ते शिकवलं जातं. लोक त्यांच्या धीराचं कौतुक करतात, आम्हीही करतो. पण आमच्या मनात दुसराही विचार येतो. त्या वीस वर्षांत उंदरानं कुरतडली असती ती वही तर? कुणी रद्दीत घातली असती तर? आणि ज्यांच्या वह्या खरंच अशा गेल्या, त्यांची नावं तर आपल्याला ठाऊकही नाहीत. लपवून ठेवलेल्या गोष्टीला राखण नसते, बायांनो.

आता वेळेचं बोलू. इथं आपल्याला गटाचा हिशोब कामाला येतो.

दहा जणींचे महिन्याला शंभर रुपये म्हटले तर वर्षाचे बारा हजार होतात. पहिल्या महिन्यात हजार रुपये बघून कुणालाच काही वाटत नाही. लिखाणाचं तसंच. वहीच्या एका पानावर वीस ओळी, ओळीत सात-आठ शब्द, म्हणजे दिवसाला एक पान म्हटलं तर दीडशे शब्द. आठवड्यातून पाच दिवस धरा, साडेसातशे झाले. वर्षाचे बावन्न आठवडे असतात, पण आपल्याला कुठले मिळायला? बाजरीची पेरणी, ज्वारीची काढणी, गावची जत्रा, दिवाळी, लगीनसराई, मार्चअखेर, आणि कुणाचं ना कुणाचं आजारपण. बारा आठवडे यात गेले असं समजा. उरले चाळीस. वर्षाला तीस हजार शब्द होतात, दोन वर्षांत साठ हजार. छापील दोनशे पानांच्या कादंबरीत साधारण तेवढेच मावतात.

हा हिशोब कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात आमचं दोन वर्षांचं काम तीन वर्षं झाली तरी संपलेलं नाही. पण गटाचं कर्जही सगळ्या जणी तारखेला कुठं फेडतात? हप्ता लांबला म्हणून कुणी गट मोडत नाही.

एक पान लिहायला आम्हाला अर्धा-पाऊण तास लागतो. मंगळवार-शुक्रवार सोडून बाकीचे तुकडे जमेल तिथून. बँकेत साहेब जेवायला गेलेले असतात तेव्हा. गटाच्या बायका जमायच्या असतात तेव्हा, आणि त्या वेळेवर जमत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. एस.टी.त लिहिता येत नाही, अक्षर हलतं. तिथं फोनवर हळू आवाजात बोलून ठेवायचं आणि रात्री उतरवून काढायचं. बोललेलं आपोआप अक्षरात उतरवणारी सोय फोनमध्ये आहे, ती आम्ही करून बघितली. पण ती आपली बोली ऐकते आणि पुस्तकी करून टाकते. आमच्या गोष्टीतली म्हातारी एकदम बातम्या दिल्यासारखी बोलायला लागली. तेव्हापासून नुसता आवाज साठवतो.

कविता भाकरी भाजता भाजता मनात जुळवता येते. बहिणाबाई चौधरींचं आपल्याला माहीत आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात कामं करता करता त्या रचायच्या आणि घरातल्या मुलांनी ते उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर का होईना, पुस्तक झालं. कादंबरीचं तसं होत नाही. कादंबरीला आठवण लागते. पंधरा दिवसांनी वही उघडली की प्रश्न पडतो, ही कुणाची चुलत सासू? हिचं शेत ओढ्याच्या अलीकडं का पलीकडं? मागची दहा पानं वाचण्यातच वेळ संपतो आणि नवीन ओळ होत नाही. नोकरी करून लिहिणारीचा खरा घोटाळा इथं होतो. घड्याळातला तास मिळतो, पण मन त्या तासात पोचलेलं नसतं.

यावर आमच्यातल्या एकीनं युक्ती काढली, ती अगदी आपल्या कामातली आहे. तिनं पात्रांची खातेवही ठेवली. सभासदाचं जसं पान असतं तसं एकेका पात्राचं पान. नाव, वय, माहेर, जमीन किती, जनावरं किती, कुणाकडून किती घेणं, कुणाचं किती देणं. म्हैस कोणत्या महिन्यात व्याली तेसुद्धा. दुसरं म्हणजे, त्या दिवसाचं लिखाण थांबवताना खाली एक ओळ लिहून ठेवायची की पुढं काय होणार आहे. इतिवृत्तात शेवटी पुढच्या बैठकीचे विषय लिहितो, तसंच. पुढच्या वेळी ती ओळ वाचली की गाडी सुरू होते. आम्हाला कुणी कादंबरी शिकवली नाही. पण दहा-दहा वर्षं वह्या लिहिल्या, त्या अशा उपयोगी पडल्या.

आता जरा अवघड गोष्टीकडं येतो. वेळेपेक्षाही हिचा आम्ही जास्त विचार केलाय.

आपल्या कामात आपल्याला काय काय ऐकायला मिळतं! कर्ज मागताना बाई कारण सांगते एक आणि बैठक उठल्यावर दाराशी थांबून सांगते दुसरं. कुणाचं डोरलं कुठं गहाण आहे, कुणाच्या नावावरचं कर्ज कुणी उचललं, कुणाच्या पाठीवर वळ आहेत. हे सगळं आपल्यापाशी येतं ते आपण समन्वयक म्हणून, लेखिका म्हणून नव्हे. आणि कादंबरी लिहायला बसलं की हातात नेमकं हेच येतं, कारण आपल्या ओळखीचं, आपल्या काळजात घर करून बसलेलं तेच असतं. मग करायचं काय?

हा प्रश्न आपल्या आधीच्या बायकांनाही पडलेला असणार. मालतीबाई बेडेकर यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. त्या 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावानं लिहायच्या. त्या मूळच्या शिरूर-घोडनदीच्या, म्हणून शिरूरकर. १९३३ साली त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी उघड लिहिलं, आणि केवढा गदारोळ झाला! ही विभावरी कोण, बाई आहे का बुवा, याचा लोक शोध घेत होते. त्या स्वतः मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. खऱ्या नावानं लिहिलं असतं तर नोकरीचं काय झालं असतं ते तुम्हीच बघा. पुढच्याच वर्षी त्यांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली.

आम्हाला त्यांची जास्त जवळची वाटते ती 'बळी' ही कादंबरी. त्याचं असं झालं, की मालतीबाईंनी काही वर्षं सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. त्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवायचे, हजेरी घ्यायचे. अशा वसाहतीत मालतीबाई अधिकारी होत्या. म्हणजे त्या कुंपणाच्या आत रोज जात होत्या, पण संध्याकाळी बाहेर येऊ शकत होत्या. तिथल्या बाया-माणसांची सुखदुःखं त्यांनी बघितली. ती नोकरी १९४०च्या सुमारास सुटली आणि 'बळी' आली १९५० साली. मध्ये दहा वर्षं गेली. कायदा रद्द झाला तो त्यानंतर, १९५२ साली.

त्या दहा वर्षांत त्यांच्या मनात काय चाललं होतं हे आम्ही सांगू शकत नाही. पण आमचं आपलं मत असं, की कामावर असताना ऐकलेलं लगेच कागदावर उतरवलं तर ते तक्रारअर्जासारखं होतं. मुरायला लागतं. लोणच्याला जेवढे दिवस लागतात त्यापेक्षा माणसाच्या गोष्टीला थोडे जास्तच लागणार.

अलीकडचं उदाहरण कविता महाजन यांचं. त्यांची 'ब्र' ही कादंबरी २००५ साली आली. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायका, आदिवासी भागातल्या, आणि त्यांच्यात फिरणारी संस्थेची कार्यकर्ती, असा तिचा विषय. आमच्यातल्या पंचायत सदस्य बाईनं ती तीन रात्रींत वाचली आणि म्हणाली, "ही आपल्या ग्रामसभेत येऊन बसली होती का काय!" हे कार्यकर्तीचं काम कादंबरीत कसं उतरतं ते बघायचं असेल तर तालुक्याच्या वाचनालयात ही कादंबरी मागा. नसेल तर मागणी-वहीत नाव लिहून या. अशी मागणी आपण केल्याशिवाय कोण करणार?

आमचं आम्ही काय ठरवलं ते सांगतो. बैठकीत किंवा दाराशी बोललेलं वहीत आलं, तर नाव-गाव बदलून भागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पाच हजार वस्तीच्या गावात नाव बदलून काय लपतं? लोक "ती नव्हं का" म्हणून मोकळे होतात. म्हणून जिची गोष्ट आहे तिला विचारायचं. ते पान कुणालाही दाखवायच्या आधी, आमच्या लाल पेनवालीलासुद्धा दाखवायच्या आधी, तिच्यासमोर बसून वाचून दाखवायचं.

एका मावशींना असं वाचून दाखवलं. त्यांचं गहाण पडलेलं डोरलं आमच्या कादंबरीत आलं होतं. (हे इथं रेडिओवर सांगतोय तेही त्यांना विचारूनच.) त्या सगळं ऐकून घेत होत्या, मध्ये एकदा पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "नाव बदला, गाव बदला. नवरा हाय त्याच्यापेक्षा बरा दाखवा, माझं काय म्हणणं न्हाई. पर मी ते सोडवून आणलं, तेवढं मात्र ऱ्हावू द्या." दोन वर्षं बचतीतून पैसे साठवून त्यांनी ते सोडवलं होतं. आमच्या मूळच्या आराखड्यात डोरलं सुटत नव्हतं. गोष्ट त्यानं जास्त दुःखी आणि म्हणून जास्त भारी होईल असं आमच्या मनात होतं. ते आम्ही बदललं. आणि मजा अशी, की डोरलं सुटल्यावर त्या बाईचं पुढं काय, हे लिहिणं जास्त अवघड निघालं. अजून तेच चाललंय.

दुसऱ्या एकीला असंच वाचून दाखवलं. तीस पानं होती. त्या कादंबरीतलं सगळ्यात चांगलं लिखाण तेच होतं, हे आजही आमचं मत आहे. ती शांतपणे म्हणाली, "नको, ताई." कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. ती तीस पानं त्या दिवशी तिच्याच हातात दिली. तिनं ती जाळली का ठेवली, ठाऊक नाही. ती गोष्ट काय होती तेही इथं सांगणार नाही. ती बाई अजून दर महिन्याला बैठकीला येते, बचत भरते, दाराशी थांबून बोलते. आता सांगा, तीस पानं जास्त का हे जास्त? लिहिणारीला दोन्ही हवं असतं. त्या रात्री आमच्यातली ती मैत्रीण काही जेवली नाही, हेही खरं आहे. तीस पानं म्हणजे तिच्या हिशोबानं दीड महिना. पुढचे दोन महिने तिनं वही उघडलीच नाही.

तिसरीचं सांगायचं राहिलं, ती का थांबली. तिच्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. घरात करणारी ती एकटी. गटांचं काम सोडता येत नाही, कारण मानधन त्यावर आहे. मग जे सोडता येतं तेच सुटतं, आणि ते नेहमी आपलं स्वतःचं असतं. कुणी कुणी मोठ्या तोंडानं सांगतात, "मनात असलं की वेळ निघतोच." असं म्हणणाऱ्याच्या घरी सकाळचा चहा कोण करतं, ते आधी विचारा. मनात असून वेळ न निघालेल्या बायका आमच्या ओळखीच्या आहेत. त्यांना आळशी म्हणणाऱ्याला आम्ही चहा द्यायचो नाही.

मग आम्ही एवढंच केलं, की तिच्या दोन लांबच्या गटांच्या बैठका तिघींनी वाटून घेतल्या. घरी तिच्या दिराला बोललो. तसं बोलायला जरा जड गेलं, दुसऱ्याच्या घरातलं ते. पण आता रविवारी दुपारी तो वडिलांजवळ बसतो. ती त्या वेळात लिहीत नाही, झोपते. झोपू दे. तिची वही आमच्यापाशी आहे, एकशे चार पानांची, पत्र्याच्या पेटीत डांबरगोळी घालून ठेवलीय.

पैशाचं एक सांगून ठेवतो, कारण यात बायका फसतात. कादंबरीतून पैसे मिळतील असं धरून चालू नका. उलट काही ठिकाणी लेखिकेकडूनच छपाईचे पैसे मागतात. आमच्यातल्या एकीला एका प्रकाशकानं सांगितलं, "एवढी रक्कम भरा, पुस्तक काढून देतो, अमुक प्रती तुम्हीच विकत घ्या." ती म्हणाली, "पापड आम्ही करतो, विकतो, पण आमचेच पापड आम्हीच विकत घेत नाही." गटाचं अंतर्गत कर्ज काढून पुस्तक छापायच्या फंदात पडू नका. समन्वयक म्हणून सांगतोय, असला अर्ज आमच्यापुढं आला तर आम्ही विरोधात बोलू. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिलंच पुस्तक असणाऱ्यांसाठी. तिची माहिती काढा, मंडळानं अर्ज मागवले की नीट वाचून भरा. दिवाळी अंक आहेत. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत ही सोय आहे, आणि कादंबरीतलं एखादं प्रकरण सुटं करून पाठवता येतं. आणि काहीच नाही झालं तर आपला गट आहे ना! ग्रामसंघाची बैठक संपल्यावर वीस मिनिटं आम्ही वाचून दाखवतो. पहिल्या वेळी चौघी थांबल्या होत्या. आता पंधरा-सोळा जणी थांबतात, आणि फार कडक असतात. "ह्या बाईला एवढं रडायला येळ कुठनं मिळतो, हिच्या घरी जनावरं न्हाईत का?" असं एकदा एका आजींनी विचारलं. ते प्रकरण आम्ही परत लिहिलं.

सध्याची स्थिती अशी आहे. एकीची कादंबरी एकशे ऐंशी पानांवर आलीय, डोरलं सुटलंय आणि पुढं गाडं अडलंय. दुसरी तीस पानं देऊन टाकल्यावर नव्यानं जुळवाजुळव करतेय, तिची सत्तर पानं धरून चाला. कुरडयांचा हंगाम सुरू झालाय, त्यामुळं अक्षयतृतीयेपर्यंत मंगळवार-शुक्रवार बंद. वाचन मात्र चालू आहे. या महिन्यात ग्रामसंघाची बैठक दहा तारखेला, समाजमंदिरात, दुपारी दोनला. बैठक चारला संपेल, वाचन त्यानंतर. ज्यांची स्वतःची वही आहे त्यांनी घेऊन यावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलावं, आमच्यातली एक उतरवून घेईल. आणि घरी निघताना मीटिंगला चाललेय म्हणा चारपर्यंत. चारनंतर कशासाठी थांबणार आहात, ते वेगळं सांगा.